राइमिंग वर्ड्स आणि त्यांचे अनेक अर्थ: यादीच्या आधी कान, अर्थाच्या आधी वाक्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने मुलांकडून ‘राइमिंग वर्ड्स’च्या याद्या पाठ करून घेतल्या. तरी मुलं ‘इअर’ला ‘बेअर’ जुळवतात, कारण शेवटची तीन अक्षरं तीच. आठ या अर्थाचा ‘एट’ आणि उशीर या अर्थाचा ‘लेट’ मात्र जुळत नाहीत म्हणतात, कारण स्पेलिंग निराळं. शिवाय यादीत प्रत्येक शब्दापुढे एकच मराठी अर्थ दिलेला. त्यामुळे कवितेत ‘बेअर’ हा शब्द सहन करणे या अर्थाने आला, की तिथे अस्वल शिरतं. यमक आणि शब्दांचे अनेक अर्थ, दोन्ही कसं शिकवावं?

इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे आणि या प्रश्नाबद्दल माझं मत पक्कं आहे: या याद्या बंद कराव्यात. यमक कानाने पकडायचं असतं आणि अर्थ वाक्यातून. यादीत कानही नसतो आणि वाक्यही नसतं. दोन्ही अडचणी एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे मुलाचा लेखी अक्षरावरचा विश्वास. हा विश्वास त्याला मराठीने दिलेला आहे आणि मराठीपुरता तो बराचसा योग्यही आहे. देवनागरीत ‘वारा’ आणि ‘तारा’ लिहिले की डोळ्यांना दिसतं तेच कानांना ऐकू येतं.

तरीही मराठीत हा विश्वास शंभर टक्के खरा नाही, आणि मी धडा नेहमी तिथूनच सुरू करतो. फळ्यावर ‘जरा’ लिहा. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ मोठ्याने म्हणायला सांगा. अक्षरं तीच, ‘ज’ मात्र वेगळा. ‘जग’ लिहा: दुनिया या अर्थाचा एक आणि पाण्याचा दुसरा. मग ‘चार’ आणि ‘चारा’ लिहा. आकड्यातला ‘च’ आणि गुरांच्या चाऱ्यातला ‘च’ एक नाहीत, हे कोणी न शिकवताही मुलं बरोबर म्हणतात. म्हणजे लिहिलेलं एक, उच्चार दोन, अर्थ दोन, आणि कोणता घ्यायचा ते वाक्यावरून ठरवायचं, हे सगळं त्यांना आधीच येतं. इंग्रजीत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर चालतो, एवढंच सांगायचं.

आता यमकाचा नियम. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारताना दिलेला जोर, असलेल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा सगळा ध्वनी सारखा हवा आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. ‘नाइट’ आणि ‘काइट’ जुळतात. ‘नेशन’ आणि ‘स्टेशन’ जुळतात, कारण आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘ने’ आणि ‘स्टे’वर आहे आणि तिथपासून सगळं सारखं आहे. पण ‘सिंगिंग’ आणि ‘वॉकिंग’ जुळत नाहीत. शेवटी ‘इंग’ दोन्हीकडे आहे, पण आघात त्याच्या आधी आहे आणि तिथे ‘सिंग’ व ‘वॉक’ असा फरक पडतो. आपल्याकडे आघाताची ही सवय नसल्याने अशी जोडी मुलांना यमक वाटते. ‘करणे’ला ‘बसणे’ जुळवलेली कविता आपल्यालाही लंगडी वाटते, हे दाखवलं की मुद्दा लगेच पोचतो.

नियम ध्वनीचा आहे म्हटल्यावर स्पेलिंगचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. ‘लेट’, ‘गेट’, ‘वेट’, ‘एट’, ‘ग्रेट’, ‘स्ट्रेट’ हे सहा शब्द इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जातात, पण सगळे एकमेकांशी चोख जुळतात. उलट ‘लव्ह’, ‘मूव्ह’ आणि ‘स्टोव्ह’ यांच्या शेवटची तीन अक्षरं एकच आहेत आणि एकही जोडी जुळत नाही. मुलं इथे विचारतात, असं का? हा प्रश्न ‘इंग्रजी असंच असतं’ म्हणून उडवून लावू नये. याला कारणं आहेत, आणि ती मुलांना आवडतात.

‘लव्ह’चंच पाहा. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘उ’काराचा होता. मध्ययुगातले लेखनिक ज्या वळणाने लिहीत त्यात यू, व्ही, एम, एन ही सगळी अक्षरं बारीक उभ्या रेघांची असत. ती शेजारी-शेजारी आली की कुठली रेघ कुठल्या अक्षराची हे कळेना. म्हणून अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी गोल ‘ओ’ लिहायची पद्धत पडली. ‘लव्ह’, ‘सन’ म्हणजे मुलगा, ‘कम’, ‘मंक’ या शब्दांत तो ‘ओ’ असा आला. उच्चार त्याचा कधी नव्हताच. मुलगा या अर्थाचा ‘सन’ आणि सूर्य या अर्थाचा ‘सन’ कानाला एकच का, याचंही उत्तर इथेच मिळतं.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा बदलत गेले. आज आपण ‘नेम’ म्हणतो तो शब्द त्याआधी जवळजवळ ‘नामं’सारखा उच्चारला जाई, म्हणजे आपल्या ‘नाम’च्या अगदी शेजारी. हे बदल चालू असतानाच, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. ‘ई-ए’ असं लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच शब्दांचा स्वर आधी ‘ए’च्या जवळ होता. त्यातले ‘मीट’, ‘सी’, ‘टी’ पुढे ‘ई’कडे गेले. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’ गेले नाहीत. ‘ब्रेड’ आणि ‘हेड’ आखूड झाले. ‘बेअर’, ‘वेअर’, ‘पेअर’ पुढच्या ‘र’मुळे वेगळ्या वाटेने गेले. एकाच स्पेलिंगच्या मुलांची अशी चार घरं झाली.

याचा पुरावा कवितेतच आहे. अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्याच्या 1714 च्या आवृत्तीत हॅम्प्टन कोर्टचं वर्णन करणाऱ्या दोन ओळी आहेत. एक ओळ ‘ओबे’ने संपते आणि दुसरी चहा या अर्थाच्या शब्दाने. आज ते जुळत नाही. पण त्या काळी चहाला ‘टे’ असंही म्हणत, म्हणून यमक शुद्ध होतं. याच ओळीत अर्थाचीही कमाल आहे. पोप म्हणतो, ॲन राणी इथे कधी सल्ला घेते आणि कधी चहा. ‘टेक’ हे एकच क्रियापद, त्याला एक कर्म राज्यकारभाराचं आणि दुसरं कपबशीचं. मराठीत ‘घेणे’ याच दोन्ही कामांना चालतं, त्यामुळे ही ओळ आपल्या मुलांना जवळजवळ शब्दशः समजावता येते. यमक आणि अनेकार्थ एकत्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आपल्या व्याकरणात यमक आणि श्लेष शेजारी-शेजारी शिकवतात. ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ या ओळीत मित्र म्हणजे सखाही आणि सूर्यही, हे मुलांना पाठच असतं. पोपची ओळ त्याच बाकावर बसवा.

आता एकच स्पेलिंग, दोन उच्चार आणि दोन अर्थ असलेले शब्द. हे मुद्दाम वेगळे शिकवावेत, कारण इथे यमकच अर्थ सांगतं. ‘टी-ई-ए-आर’ हा शब्द ‘हिअर’शी जुळत असेल तर अश्रू, ‘बेअर’शी जुळत असेल तर फाडणे. ‘बी-ओ-डब्ल्यू’ हा ‘गो’शी जुळला तर धनुष्य, ‘नाउ’शी जुळला तर वाकून नमस्कार किंवा जहाजाचं नाक. ‘आर-ओ-डब्ल्यू’ हा ‘रो’ असेल तर ओळ किंवा वल्हवणे, ‘राउ’ असेल तर भांडण. ‘एल-ई-ए-डी’ ‘बेड’शी जुळला तर शिसं, ‘नीड’शी जुळला तर पुढे नेणे. ‘डब्ल्यू-आय-एन-डी’ एरवी ‘विंड’ म्हणजे वारा आणि ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे किंवा चावी देणे. पण जुन्या कवितेत वारा या अर्थालाही ‘वाइंड’ असा उच्चार धरून यमक साधलेलं असतं. पर्सी शेलीने 1820 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेत शेवटी वाऱ्याला ‘बिहाइंड’शी जुळवलं आहे. मुलाने तिथे ‘विंड’ वाचलं तर चूक म्हणू नका. कवितेत दोन्ही रीती चालतात, एवढंच सांगा.

अर्थांकडे वळू. इथे बहुतेक पुस्तकं दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवतात. काही शब्दांचे अर्थ एकाच झाडाच्या फांद्या असतात. काही ठिकाणी मुळात दोन वेगळे शब्द असतात आणि योगायोगाने सारखे झालेले असतात. शिकवताना हा फरक करावाच लागतो, कारण पहिल्या प्रकारात मुलाला अंदाज बांधता येतो. दुसऱ्यात येत नाही, तिथे दोन शब्द म्हणून दोनदाच शिकावं लागतं.

‘माउथ’ म्हणजे तोंड. बाटलीचं तोंड आणि नदीचं मुख हे अर्थ मुलं स्वतःच काढतात, कारण मराठीतही तेच आहे. ‘फुट’ म्हणजे पाऊल, आणि डोंगराच्या ‘फुट’ला आपण पायथा म्हणतो. कंगव्याला इंग्रजीतही दात असतात आणि बटाट्याला दोन्ही भाषांत डोळे असतात. पण सुईला इंग्रजीत डोळा असतो आणि मराठीत नाक किंवा नेढं. घड्याळाला इंग्रजीत हात असतात, आपल्याकडे काटे. असे फरक दाखवताना वर्ग जागा होतो. शब्दाचा अर्थ पसरतो कसा, हे मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं व्याख्येतून कळत नाही.

दुसऱ्या प्रकारात ‘बॅट’ येतो. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ यांचा काहीएक संबंध नाही. कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची साल, दोन्ही ‘बार्क’, पण मुळं वेगळी. तारीख या अर्थाचा ‘डेट’ लॅटिनमधल्या ‘दिलेलं’ या अर्थाच्या शब्दातून आला आणि खजूर या अर्थाचा ‘डेट’ ग्रीकमधल्या बोटाच्या नावावरून. अस्वल आणि सहन करणे हे दोन ‘बेअर’ही असेच. अस्वलाचा शब्द तपकिरी रंगाशी जोडला जातो. सहन करणे, ओझं पेलणे, फळ धरणे, जन्म देणे हे मात्र एकाच क्रियापदाचे अर्थ आहेत, आणि ते क्रियापद संस्कृत ‘भृ’ धातूचं, म्हणजे आपल्या ‘भार’चं, दूरचं भावंड आहे. हे एकदा सांगितलं की ‘बेअर’ कवितेत आला तरी अस्वल मध्ये येत नाही. भार आठवतो आणि अर्थ सुटतो. शेअर बाजारातला ‘बेअर’, म्हणजे मंदीवाला, तो मात्र अस्वलाच्या बाजूचा.

‘लाइट’ या शब्दावर मी पूर्ण तास घालवतो. प्रकाश आणि हलका हे दोन ‘लाइट’ मुळात वेगळे. हलका या अर्थाचा शब्द आपल्या ‘लघु’च्या कुळातला आहे आणि प्रकाश या अर्थाचा, चमकणे या अर्थाच्या संस्कृत ‘रुच्’ धातूच्या कुळातला. दोन्हींत मधला ‘जी-एच’ पूर्वी घशातून उच्चारला जाई. तो गळाला तेव्हा ‘लाइट’ आणि ‘बाइट’ यांचं यमक जुळायला लागलं, आधी जुळत नव्हतं. आपणही या शब्दाला नवा अर्थ दिला आहे. ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली, आणि तीसुद्धा स्त्रीलिंगी. इंग्लंडमधल्या माणसाला ‘लाइट बिल’ चटकन कळणार नाही. मुलाने निबंधात ते लिहिलं तर खोडण्याआधी हे समजावून सांगा.

फांद्यांच्या प्रकारात सगळ्यात अफाट शब्द ‘रन’. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात क्रियापद म्हणून त्याच्या सहाशेहून अधिक अर्थच्छटा आहेत. माणूस धावतो, नाक वाहतं, दुकान चालतं, रंग उतरतो, बस सुटते, निवडणूक लढवली जाते, सगळीकडे ‘रन’. अशा शब्दापुढे ‘धावणे’ असा एक अर्थ लिहून यादी पुढे नेली, की मुलाची वाट आपणच बंद केली. त्याला सगळे अर्थ सांगायचे नाहीत. तीन वाक्यं द्यायची आणि विचारायचं, इथे काय चालू आहे?

कानाला सारखे पण लिहायला वेगळे अशा शब्दांसाठी टॉमस हुडची एक कविता वर्गात घ्यावी. बेन नावाच्या खलाशाची ती कथा आहे. शेवटी तो चाळिशीत मरतो. त्याचा मृत्यू त्याच्या ‘बर्थ’मध्ये झाला, असं कवी म्हणतो. रेल्वेमुळे हा शब्द आपल्या मुलांना घरचा आहे, झोपायची फळी. पण जन्म या अर्थाचा ‘बर्थ’ही कानाला तोच, त्यामुळे मृत्यू आणि जन्म एका ओळीत येतात. पुढे लोक चर्चच्या सेवकाला जाऊन सांगतात, तो ‘टोल्ड’, आणि सेवक घंटा वाजवतो, तोही ‘टोल्ड’. घंटेचा टोल मराठीत आहेच, शाळेचे टोल पडायचे ते मोठ्यांना आठवत असेल. मुलांना टोल म्हटल्यावर आधी नाका आठवतो, आणि तो तिसरा अर्थही इंग्रजीतलाच आहे.

आपल्या उच्चारांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी लिहिताना ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हे आपण कटाक्षाने पाळतो, बोलताना फार पाळत नाही. इंग्रजीत ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’, ‘पुल’ आणि ‘पूल’ बोलतानाही वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर यमकही चुकतं आणि अर्थही. देवनागरीत उच्चार लिहायला काही शिक्षक मनाई करतात, मी करत नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हं आपल्याकडे आहेत. ‘बॅड’ आणि ‘बेड’ यांतला फरक देवनागरी चोख दाखवते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट ‘र’ची. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ बोलत नाहीत, पुढे स्वर आला तरच येतो. तिथे ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ एकच ऐकू येतात आणि ‘फार्म’ हा ‘काम’शी, म्हणजे शांत या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. आपण ‘र’ बोलतो, त्यामुळे आपल्याला ती यमकं जुळत नाहीत. अमेरिकेत ‘लाफ’ हा ‘लॅफ’ होतो आणि त्याचं जुळणारं कुटुंब थोडं बदलतं. इंग्रजी मुळाक्षरांचं बालगीत तर सगळ्यांना माहीत आहे. शेवटचं अक्षर ‘झी’ म्हटलं तरच पुढच्या ओळीतल्या ‘मी’शी ते जुळतं. आपण ‘झेड’ शिकवतो आणि तिथे यमक तुटतं. यमक कोणाच्या उच्चारात जुळतं, हा प्रश्न खरा आहे. मुलाने शब्दकोशाच्या ॲपमधला ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही आवाज ऐकावेत. ‘अगेन’चा ‘रेन’शी आणि ‘टेन’शी, दोन्हींशी मेळ बसतो, असं त्याला कळलं म्हणजे तो पुढचे शब्द स्वतः शोधू लागतो.

वर्गात मी हे असं घेतो. पुस्तकं बंद. एक शब्द म्हणायचा, समजा ‘रन’. मुलांनी तोंडी जुळणारे शब्द द्यायचे: ‘सन’, ‘फन’, ‘डन’, ‘वन’. या टप्प्याला फळ्यावर काही लिहायचं नाही. शब्द संपले की मग लिहायचे, आणि स्पेलिंगं किती तऱ्हांची निघाली ते मुलांनीच पाहायचं. त्यानंतर प्रत्येकाने त्यातला एक शब्द घेऊन दोन वेगळ्या अर्थांची दोन वाक्यं करायची. दुसरं वाक्य सुचलं नाही तर शब्दकोश उघडायचा, आणि पहिल्या अर्थावर न थांबता खालचे अर्थ वाचायचे. चढती पायरी म्हणून ‘मंथ’ किंवा ‘ऑरेंज’ द्या. त्यांना जुळणारा रोजच्या वापरातला शब्द इंग्रजीत नाही, आणि तो शोधता-शोधता मुलं पंचवीस शब्द मोठ्याने म्हणून बघतात.

मोठ्या वर्गांसाठी लंडनच्या ईस्ट एंडमधली बोली घ्या. तिथे एकोणिसाव्या शतकात यमकानेच नवे अर्थ घडवले. 1859 च्या हॉटनच्या बोलीभाषेच्या कोशात तिची नोंद आहे. जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचं, कारण ‘पेअर्स’ जुळतं. मग पुष्कळदा जुळणारा शब्दच गाळून टाकायचा. ‘हेड’ला आधी ‘लोफ ऑफ ब्रेड’ झालं, मग ‘ब्रेड’ गळाला आणि ‘लोफ’ राहिला. ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव. अख्ख्या पावाला डोकं हा अर्थ आला आणि तो आणणारं यमक आता कुठे दिसतही नाही. शब्दकोशात ‘लोफ’खाली हा अर्थ सापडतो. तो का आहे, हे मुलांना शोधायला लावा.

शेवटी परीक्षेचं. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणात राइम स्कीम, म्हणजे कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळते याची अक्षरांनी केलेली मांडणी, लिहावी लागते, आणि ‘लव्ह’-‘प्रूव्ह’ अशी जोडी आली की मुलं अडतात. अशा जोडीला डोळ्यांचं यमक म्हणतात. कवीने ती यमकाच्या जागी ठेवली असेल तर राइम स्कीममध्ये दोन्हींना एकच अक्षर द्यायचं. बाकीच्या ओळींची आखणी बघितली की कवीने ती यमकाच्या जागी ठेवली आहे का, ते कळतं. राइमिंग वर्ड्स लिहा असा सुटा प्रश्न असेल, तर मात्र कानाला जुळणारी जोडीच लिहावी, आणि शंका असेल तर कवितेतून दुसरी जोडी उचलावी.